सरपंचपद बाईचं, शिक्का नवऱ्याच्या खिशात. मग राजकीय बदलाचा उपयोग काय?

हिंगोली जिल्ह्यातल्या एका एम.ए.च्या विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "विकसनशील देशांत राजकीय बदलांमुळे महिलांचं सक्षमीकरण होतं, असं पुस्तकांत वाचतो. आमच्या गावात सोडतीत सरपंचपद महिलेसाठी निघालं आणि माझ्या चुलतकाकू सरपंच झाल्या. पण शिक्का काकांच्या खिशात असतो, ग्रामसेवक काकांनाच फोन करतो, झेंडावंदनालाही काकाच पुढे असतात. मग मी प्रबंधात काय लिहू? बदल झाला की नाही?"

बदल झालाय. पण तो किती मुरला हे एका गावाच्या एका पंचवार्षिकावरून सांगता येत नाही. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न मिसळले आहेत. एक, राज्य आणि कायदा बदलल्याने बाईसाठी जागा तयार होते का? दोन, त्या जागेवर बसल्यावर निर्णय तिच्या हातात येतो का? पहिल्याचं उत्तर आकडे दाखवून देता येतं. दुसऱ्याचं उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं: बाईच्या नावावर जमीन किंवा घर आहे का, ती कुठल्या जातीची, सून आहे की सासू झाली आहे, नवरा समजूतदार आहे की नाही, गावात बचत गट नुसता कागदावर आहे की खरंच बसतो, ग्रामसेवक कसा आहे. त्यामुळे "राजकीय बदल झाला म्हणजे सक्षमीकरण होतं" हे वाक्य प्रबंधात लिहू नका, आणि "काही होत नाही, सगळं नाटक आहे" हेही लिहू नका.

मी 1990 च्या दशकाच्या मध्यापासून मराठवाड्यात ग्रामपंचायतींच्या महिला सदस्यांची आणि सरपंचांची प्रशिक्षणं घेते. म्हणून जे सांगते आहे ते मुख्यतः इथलं आहे. दुसऱ्या देशांकडे जिथे गरज आहे तिथेच जाईन.

आधी मागचं थोडं. पूर्वी गावाच्या कारभारात एखाद-दुसरी बाई स्वीकृत सदस्य म्हणून घेतली जायची, बहुधा पाटलांच्या किंवा पुढाऱ्याच्या घरातली. आरक्षण आलं ते कुणा एका पंतप्रधानाच्या किंवा मुख्यमंत्र्याच्या मनात आलं म्हणून आलं, असं अभ्यासक्रमाची पुस्तकं वाचून वाटू शकतं. महाराष्ट्रात त्याआधी बरंच काही घडलेलं होतं. 1986 साली चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं, त्याला खेड्यापाड्यांतून प्रचंड संख्येने बायका आल्या आणि पंचायतीच्या निवडणुका बायकांनी लढवायच्या हा विषय तिथून तापला. 1989 च्या सुमारास जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला सगळ्या बायकांचं पॅनल निवडून आलं. त्याच चळवळीतून पुढे लक्ष्मीमुक्ती आली, म्हणजे नवऱ्याने आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करून द्यायचा. 1990 मध्ये राज्याने स्थानिक संस्थांत महिलांना 30 टक्के जागा दिल्या. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला अमलात आली आणि किमान एक तृतीयांश जागा, सरपंचपदांसकट, देशभर राखीव झाल्या. 1994 ला राज्याचं महिला धोरण आलं, त्याच वर्षी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने केली. केंद्राने ते 2005 मध्ये केलं. 2011 पासून महाराष्ट्रात हे आरक्षण 50 टक्के आहे.

या तारखा पाठ करण्यासाठी सांगत नाही. त्यांचा क्रम बघा. आधी बायका रस्त्यावर आल्या, काही गावांनी कायद्याची वाट न बघता करून दाखवलं, मग सरकार हललं, मग घटना बदलली. जिथे हा क्रम असतो तिथे मिळालेली जागा टिकवायला माणसं असतात. जिथे वरून एकदम जागा येते तिथे पहिल्या निवडणुकीत ती घरातल्या पुरुषाकडे जाते. मराठवाड्यातल्या पुष्कळ गावांत दुसरा प्रकार झाला, कारण चळवळ सगळीकडे पोचलेली नव्हती, कायदा मात्र पोचला होता.

सुरुवातीच्या वर्षांत मी जे पाहिलं ते असं. मासिक सभा कागदोपत्री व्हायची. ग्रामपंचायतीचा शिपाई इतिवृत्ताचं रजिस्टर काखेत मारून संध्याकाळी घरोघर फिरायचा. बाई चुलीपुढे असायची. तो उंबऱ्यावरूनच रजिस्टर उघडून बोट ठेवायचा, "वहिनी, इथं." ती हात पदराला पुसून सही करायची किंवा अंगठा उठवायची. सहीच्या वरची अर्धी पानं कोरी असायची. तिथे काय लिहिलं जाणार हे तिला माहीत नसायचं आणि विचारायची सोयही नसायची, कारण शिपाई सांगणार होता, "मालकाला माहीत आहे."

लातूर जिल्ह्यातल्या एका गावात अशीच एक सदस्या होती. दलित वस्तीतली, वयाने चाळिशीच्या पुढची, चौथी शिकलेली. प्रशिक्षणात मी इतिवृत्ताचा भाग शिकवला तेव्हा तिने एकच शंका विचारली होती: "कोऱ्या पानावर सही केली तर जेल मला होईल का मालकाला?" मी सांगितलं, सही तुमची आहे, चौकशी तुमची होईल. पुढच्या महिन्यात शिपाई आला तेव्हा ती म्हणाली, "वाचून दाखव, मग सही." त्याला वाचायला काही नव्हतं. तो परत गेला. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक स्वतः आला, मग सरपंच, मग तिचा नवराही तिच्यावर चिडला. ती हटली नाही. दोनेक महिन्यांनी सभा कार्यालयात व्हायला लागली, कारण तिच्या सहीशिवाय गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, दाखवता येईना. तिने कुठलं भाषण केलं नाही. ती दारात उभी राहून "वाच" एवढंच म्हणाली.

ही गोष्ट मी प्रत्येक तुकडीला सांगते, कारण तुमच्या काकूंचा प्रश्न इथेच आहे. गावाच्या कारभारातली सत्ता भाषणात कमी आणि कागदात जास्त असते. सही, शिक्का, धनादेश, ठराव, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तक. पुरुषाने बाईला सभेला येऊ दिलं तरी त्याला फारसा धोका वाटत नाही. ती कॅशबुक मागायला लागली की घर अस्वस्थ होतं.

आता तर शिक्क्यापेक्षा मोठी गोष्ट आली आहे. वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरून खर्च होतो आणि त्याला ग्रामसेवक व सरपंच दोघांची डिजिटल सही लागते. त्या सहीचं टोकन पेनड्राइव्हसारखं असतं, गावाकडे त्याला डोंगल म्हणतात. मी गावात गेले की सरपंचबाईंना पहिल्यांदा विचारते, "ताई, तुमचं डोंगल कुठाय?" बहुतेक वेळा ते संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये असतं. पासवर्ड त्यालाच माहीत. ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो नंबर नवऱ्याचा. म्हणजे लाखांची बिलं सरपंचबाईंच्या सहीने निघतात आणि त्या वेळी त्या शेतात खुरपत असतात. अंगठ्याच्या काळात निदान शिपायाला त्यांच्या दारात यावं लागायचं. म्हणून आमच्या प्रशिक्षणाचा पहिला दिवस आता भाषणाचा नसतो. नंबर बदलण्याचा अर्ज भरणं, डोंगल स्वतःच्या ताब्यात घेणं, पासवर्ड बदलणं, आणि कॅशबुकचं एक पान वाचायला शिकणं, एवढंच करतो. लहान वाटतं, पण या चार गोष्टी केलेल्या बाईला नंतर "तुला काय कळतं" म्हणणं घरच्यांना जड जातं.

नवऱ्यालाच खलनायक करू नका, एवढं मात्र सांगते. खूपदा नवरा कारभार बघतो कारण तालुक्याला जायला मोटारसायकल त्याच्याकडे आहे, गटविकास अधिकाऱ्याच्या दालनात उभं राहायची सवय त्याला आहे, आणि कचेरीतले लोक बाईशी बोलताना मागे उभ्या असलेल्या पुरुषाकडे बघतात. व्यवस्था त्याला बोलावून घेते. काही नवरे पहिली दोन वर्षं सोबत आले, मग घरी थांबले आणि बायको एकटी जायला लागली, असंही मी पाहिलंय. अशा घरांत बदल शांतपणे झाला. काही घरांत मारहाणही झाली, तेही लिहा.

आता तुमच्या पुस्तकांतल्या दाव्याकडे येते. त्यात तथ्य आहे. पश्चिम बंगाल आणि राजस्थानात राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी केलेला अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. सरपंचपद कुठल्या गावाला राखीव जाणार हे आधीच्या परिस्थितीवर ठरत नव्हतं, त्यामुळे राखीव आणि बिनराखीव गावांची तुलना प्रामाणिकपणे करता आली. बाई प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केला, कारण तिथल्या बायकांच्या तक्रारींत पाणी वर होतं. त्या बायकाही सगळ्या स्वयंभू नव्हत्या, त्यांनाही नवरे होते. तरी खर्चाची दिशा बदलली. मला यात नवल वाटत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर कुठल्या वस्तीत आधी थांबणार यावर सरपंचबाईला पाणवठ्यावर जाब द्यावा लागतो. पुरुष सरपंचाला तो जाब पारावर मिळतो, आणि पारावर पाण्याची चर्चा कमी होते.

बंगालमधल्याच नंतरच्या अभ्यासातली एक गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. ज्या गावांत एकापेक्षा जास्त वेळा बाई प्रमुख झाली तिथे लोकांची बायकांबद्दलची मतं बदलली, बिनराखीव जागांवरही बायका जास्त उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या, आणि मुलींबद्दल आईबापांच्या अपेक्षा वाढल्या. एका खेपेत एवढं झालं नाही. म्हणजे वेळ लागतो, आणि तो वेळ मिळेल की नाही हे राजकारण ठरवतं.

महाराष्ट्रात घोळ इथे होतो. आपलं आरक्षण चक्राकार आहे. बाईची पहिली दोन-तीन वर्षं शिकण्यात जातात. पाय रोवतात तोवर सोडत होते, पद दुसऱ्या प्रवर्गाला जातं किंवा खुलं होतं, आणि खुलं म्हणजे पुरुषांचं असं गाव धरून चालतं. पक्ष तिला तिकीट देत नाही, पॅनलप्रमुख म्हणतो, "ताई, तुमचं झालं आता." लातूर जिल्ह्यातल्या ज्या बाईबद्दल वर लिहिलं, तिचंही तसंच झालं. ती पुन्हा सदस्य झाली नाही. तिची सून मात्र आज बचत गटाची अध्यक्ष आहे आणि महिला ग्रामसभेत तीच सगळ्यात आधी उभी राहते. हे तुमच्या आकडेवारीत कुठे धरणार, ते मला सांगता येणार नाही. पण ते धरा. माझ्या मते सरपंचपदाचं आरक्षण सलग दोन मुदतींसाठी एकाच गावात ठेवायला हवं. यावर माझ्याच सहकाऱ्यांचा आक्षेप आहे, कारण त्याने इतर प्रवर्गांची पाळी लांबते. आक्षेप खोटा नाही.

आणखी एक बाजू पुस्तकांत फार येत नाही. बाई कारभार करायला लागली की तिला खाली ओढायचं काम सुरू होतं, आणि त्यासाठी कायद्याचीच कलमं वापरतात. अविश्वास ठराव हे जुनं हत्यार. महिलेसाठी राखीव पदावरच्या सरपंचाविरुद्ध तीन चतुर्थांश सदस्य लागतील अशी तरतूद करावी लागली, ती उगाच नाही. मग अतिक्रमणाची तक्रार येते: सासऱ्याने कधीकाळी गायरानात भिंत बांधलेली असते आणि अपात्र सून ठरते. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना असंच, त्या सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात असं म्हणून काढलं होतं. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत पदावर बसवलं आणि निवडून आलेल्या बाईला, तेही ग्रामीण भागातल्या, इतक्या सहज काढता येणार नाही असं अधिकाऱ्यांना बजावलं. किती बायका दिल्लीपर्यंत जाऊ शकतात? मग जात पडताळणीचं प्रमाणपत्र मुदतीत मिळालं नाही म्हणून पद जातं. आणि दोन अपत्यांची अट: सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं की सदस्यत्व रद्द. तिसऱ्या बाळंतपणाचा निर्णय बहुतेक सुनांच्या हातात नसतो, बहुधा मुलगा हवा म्हणून तो लादलेला असतो. लादणारा सासरा पुढच्या निवडणुकीत प्रचाराला फिरतो आणि पद तिचं जातं. मला या अटीचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

सरपंच थेट जनतेतून निवडायचा की सदस्यांतून, हेही सरकारप्रमाणे बदलत राहिलं. 2017 मध्ये थेट निवड आली, 2020 मध्ये ती रद्द झाली, 2022 मध्ये पुन्हा आली. बायकांवर याचा परिणाम दुहेरी होतो. सदस्यांतून निवड असेल तर चार-पाच सदस्य सहलीला नेऊन बाईला पाडता येतं. थेट निवड असेल तर तिला गावभर प्रचार करावा लागतो, म्हणजे खर्च वाढतो, आणि गरीब घरातली बाई मुळात उभीच राहू शकत नाही. पण एकदा निवडून आली की ती ताठ बोलते, कारण गावाने आपल्याला मत दिलंय हे तिला ठाऊक असतं. मला थेट निवड बरी वाटते. पण नियम दर दोन-तीन वर्षांनी बदलला की शिकलेलं वाया जातं, आणि नव्या बाईला आपलं बळ कशात आहे हेच कळत नाही.

निवडणूकच झाली नाही तर काय होतं, हे आपण नुकतंच पाहिलं. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि 2022 पासून राज्यातल्या अनेक जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, महापालिका प्रशासकांच्या ताब्यात राहिल्या. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या असा आदेश द्यावा लागला. त्या सगळ्या काळात जिल्हा परिषदेत 50 टक्के महिला सदस्य असायला हव्या होत्या, तिथे एकही नव्हती. कुणी त्यांचा हक्क रद्द केला नाही, कायदा जसाच्या तसा होता. नुसती निवडणूक थांबली. राजकीय बदल म्हणजे सत्तांतर किंवा नवा कायदा एवढंच तुम्ही धरलं असेल, तर हाही धरा.

आणि योजना. लाडकी बहीण योजना जून 2024 मध्ये जाहीर झाली, महिना 1,500 रुपये. शहरातले लोक यावर नाक मुरडतात. मी मुरडत नाही. 1,500 रुपयांत मुलीची शिकवणी भागते, औषध येतं, आणि मुख्य म्हणजे कितीतरी बायकांनी पहिल्यांदा स्वतःचं खातं स्वतः चालवलं, आधार जोडायला बँकेत एकट्या उभ्या राहिल्या. पण या पैशाचा निर्णय शासन निर्णयाने झाला आणि शासन निर्णयानेच बदलतो. कोण पात्र, कोण अपात्र हे ठरवताना कुठल्या बाईला विचारलं गेलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, बायकांनी मोठ्या संख्येने मतदान केलं, आणि 288 आमदारांत महिला निवडून आल्या 21. पैसे मिळणं आणि पैसे कुणाला द्यायचे हे ठरवणाऱ्यांत बसणं, या दोन रकान्यांत तुम्हाला वेगवेगळं लिहावं लागेल. विधानसभा आणि लोकसभेत एक तृतीयांश जागा देणारी 106 वी घटनादुरुस्ती 2023 मध्ये मंजूर झाली, पण ती जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला बांधलेली आहे.

आता बाहेरच्या देशांबद्दल, कारण तुमचा विषय विकसनशील देश असा आहे. मी दोनच घेईन. नेपाळमध्ये राजेशाही गेली, 2015 ला नवी राज्यघटना आली आणि 2017 च्या स्थानिक निवडणुकीत कायद्याने पक्षांना सांगितलं की प्रमुख आणि उपप्रमुख या दोन उमेदवारांपैकी एक महिला हवी. प्रत्येक वॉर्डात दोन महिला सदस्य, त्यांतली एक दलित. एका निवडणुकीत हजारो दलित बायका सत्तेत आल्या, हे जगात फार कमी ठिकाणी झालं असेल. पण पक्षांनी काय केलं? प्रमुखपद पुरुषाला, उपप्रमुखपद बाईला, जवळजवळ सरसकट. आणि 2022 मध्ये पक्षांनी आघाड्या केल्या. आघाडीत एका पक्षाचा प्रमुख आणि दुसऱ्याचा उपप्रमुख असला की प्रत्येक पक्षाचा एकच उमेदवार होतो, मग दोघांतली एक बाई हा नियम लागूच होत नाही. उपप्रमुख महिलांची संख्या घटली. कायद्यातली फट पक्षांना बायकांच्या आधी सापडते, आपल्याकडेही तेच.

अफगाणिस्तान उलटं टोक आहे. 2004 च्या राज्यघटनेत कनिष्ठ सभागृहाच्या 250 पैकी 68 जागा महिलांना होत्या, त्या वेळी जगातल्या अनेक लोकशाही देशांहून हे प्रमाण जास्त होतं. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान परत आले आणि संसदच उरली नाही. मुलींच्या माध्यमिक शाळा बंद झाल्या, डिसेंबर 2022 मध्ये विद्यापीठंही. काबूलमधल्या शिकलेल्या बायकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला, जीव धोक्यात घालून केला. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांची जागा ज्या राज्यावर उभी होती ते राज्यच परक्या फौजेच्या आधारावर उभं होतं. म्हणून संसदेतल्या महिलांची टक्केवारी हा एकच आकडा घेऊन देशांची क्रमवारी लावू नका. ती टक्केवारी कशाच्या टेकूवर आहे ते बघा: घटनेच्या, पक्षाच्या मर्जीच्या, बाहेरच्या पैशाच्या, की गावोगावच्या बायकांच्या संघटनेच्या.

इथवरचं थोडक्यात: कायद्याने जागा मिळते आणि ती मिळाल्याने खर्चाची दिशा बदलते, हे दिसलेलं आहे. निर्णय हातात यायला कागद, फोन आणि पैशाचा व्यवहार हातात यावा लागतो. मतं बदलायला दुसरी-तिसरी खेप लागते. आणि हे सगळं निवडणूक लांबवून, नियम बदलून, अपात्र ठरवून मागे नेता येतं.

प्रबंधासाठी तुम्हाला हिंगोलीबाहेर जायची गरज नाही. तुमच्याच ग्रामपंचायतीची गेल्या 15 वर्षांची इतिवृत्तं मागा. दिली नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज करा. ठरावांत सूचक आणि अनुमोदक म्हणून बायकांची नावं कधीपासून दिसतात ते काढा. नुसती हजेरी मोजू नका, सह्या घरून आलेल्या असू शकतात. एकाच शाईत, एकाच वळणाच्या पाच सह्या दिसल्या तर तशी नोंद करा. स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, ते कशावर झाले ते बघा. शिलाई मशीन आणि सतरंज्या दरवर्षी असतील तर कुणी विचारलंच नाही असं समजा. अंगणवाडीचं पाणी, शाळेतलं मुलींचं स्वच्छतागृह, स्मशानाच्या किंवा नदीच्या वाटेवर दिवा, असं काही असेल तर ते कुणी मांडलं ते शोधा. नियमित ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. ती झाली का, की एकाच तारखेची दोन इतिवृत्तं आहेत? आणि राखीव जागेवरून एकदा निवडून आलेल्या किती बायकांनी नंतर खुल्या जागेवर अर्ज भरला, हा आकडा नक्की काढा. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा आकडा तोच आहे.

काकूंची मुलाखत घ्याल तेव्हा काका घरी नसतील अशी वेळ धरा, आणि तुमच्या आईला किंवा बहिणीला सोबत न्या, म्हणजे त्या मोकळ्या बोलतील. "तुम्ही सक्षम झालात का" असं विचारू नका. सरपंच झाल्यापासून कुठलं काम व्हावं असं तुम्हाला वाटत होतं, ते कुठे अडलं, आणि कुणाला सांगितलं होतं, एवढं विचारा. उत्तर लांबलचक येईल, त्याला वेळ ठेवा. आणि त्यांना डोंगल हवं असेल तर नंबर बदलण्याचा अर्ज कसा लिहायचा ते मला परत विचारा, मी नमुना देते.